मध्यमाची झांज

“आई, मध्यमाला हात लावायचा नाही हं,” वसुधा म्हणाली आणि तिने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला.

“तू मला सांगतेस? तू फ्रॉक घालून फिरत होतीस तेव्हापासून मी त्याला हात लावलेला नाही.”

वसुधा माझी सून. आमच्या महिला भजनी मंडळाची सचिवही तीच. त्यामुळे घरात मी तिच्यावर हुकूम चालवायचा आणि मंडळात तिने माझ्यावर, असं आमचं न बोलता ठरलेलं. त्या दिवशी घरात मंडळाचं काम होतं, म्हणून हुकूम कुणाचा ते ठरत नव्हतं.

“आणि चेहरा नको दाखवू,” मी म्हणाले. “पेटी विकायचीय, मला नाही.”

“चेहरा दाखवायचाच आहे. आजी पेटी वाजवतेय म्हटलं की लोक थांबून बघतात.”

“मग पदर तरी नीट घेऊ दे.”

पदर घेतला, भाता उघडला आणि वाजवलं. भूप वाजवला. भूपात मध्यम, म्हणजे म, नसतोच. हा राग देवाने आमच्या मंडळाची अडचण बघूनच केला असावा. माझी बोटं आता वाकडी झालीत, सकाळी चहाचा कप धरवत नाही. पण पेटीवर ठेवली की ती कुणाचं ऐकत नाहीत, दुखण्याचंही नाही. वाजवून झालं तेव्हा वसुधासुद्धा क्षणभर मोबाइल बंद करायला विसरली.

“छान झालं,” ती म्हणाली.

“ते मला माहीत आहे. आलं का त्यात?”

मोबाइलवर जुन्या वस्तूंचा लिलाव चालतो, हे मला तेव्हाच कळलं. आपण फोटो टाकायचे, व्हिडिओ टाकायचा, आणि कुठकुठली माणसं घरबसल्या बोली चढवत बसतात. आमची पेटी त्या शुक्रवारी चढली. रविवारी दुपारी चारला बोली बंद होणार होती.

पेटी बघण्यासारखीच आहे. कलकत्त्याची, सागवानी, दोन सुरांची, म्हणजे एका पट्टीला दोन सूर एकदम बोलणारी. कोपऱ्यांना पितळ, पुढच्या फळीवर वेलबुट्टी कोरलेली. भोपाळच्या कारखान्याची टाउनशिप नवी होती आणि महाराष्ट्रातून आलेल्या आम्हा बायकांना हिंदीत भाजीसुद्धा धड मागता येत नव्हती, तेव्हा सगळ्यांनी मिळून ती घेतली. ती वाजायला लागली की भाता मारणाऱ्या हाताच्या हाडात सूर उतरायचा.

फक्त एक पट्टी मुकी. अगदीच मुकी नाही, दाबली की मांजर फिस्कारल्यासारखी हवा सुटते आणि शेजारचे सूरही मान टाकतात. ही करणी कूलरची. एका मे महिन्यात पेटी, तेव्हा ती वाजवणाऱ्या शालिनीच्या क्वार्टरमध्ये होती. सगळे गावाला गेलेले, आणि पेटी कूलरशेजारी. पाणी आत गेलं, मग उन्हाने फळी वाळली आणि आतून चिरली. शालिनी अजून म्हणते, आमचा कूलर गळत नव्हता. गळत नव्हता तर पेटी काय रडली?

जुन्या शहरातल्या एका कारागिराने पेटी उघडून आत बोट फिरवलं. “बहनजी, अंदर का तख्ता फट गया है. पूरा तख्ता बदलना पड़ेगा. फिर आवाज भी बदल जाएगी.” तख्ता म्हणजे ज्या फळीवर सगळे सूर बसवलेले असतात ती. बायका म्हणाल्या, एका सुरासाठी बाकीच्यांचा आवाज कशाला घालवायचा? राहू दे.

राहिली. आमच्या बायकांचा गळा काळी पाचला बसतो, तोच आमचा सा, आणि तिथून मोजलं की ती मुकी पट्टी नेमकी मध्यमावर येते. दुसरीकडून सुरुवात करून पाहिली, तर अर्ध्या बायका चिरकायला लागल्या आणि अर्ध्या विहिरीत पडल्यासारख्या ऐकू यायला लागल्या. मग आम्ही पेटी नाही बदलली, चाली बदलल्या. अभंग भूपात बसवले, गवळणी भूपात बसवल्या, एक पाळणासुद्धा ओढूनताणून त्यातच आणला. भैरवीचं मात्र काही करता येईना. भैरवीला मध्यम लागतो आणि भैरवीशिवाय भजन उठत नाही. तिथे झांज वाजवणाऱ्या सुशीलाने तोड काढली. मध्यम आला की ती झांज अशी दणकन हाणायची की पेटीने श्वास गिळलाय हे शेजारच्या बाईलाही कळू नये.

पुढे नव्या आलेल्या बायका तसंच शिकल्या. मध्यमाला झांज, हे त्यांना मंगळसूत्राइतकं नैसर्गिक वाटायला लागलं. बदल्या होऊन ज्या गेल्या त्या ही झांज बरोबर घेऊन गेल्या. शालिनी हरिद्वारला गेली, तिथल्या बायका तिला विचारायच्या, इथेच एवढी जोरात का? ती सांगायची, भोपाळची पद्धत आहे.

शालिनीच आधी पेटी वाजवायची. इंजिनियराची बायको, क्लास लावून शिकलेली. मी चौथी पास, क्रेन चालवणाऱ्याची बायको. माझं काम सतरंजी घालणं आणि शेवटी ती झटकणं. शालिनी बदली होऊन गेली त्यानंतरच्या गुरुवारी सगळ्या बायका पेटीभोवती बसून राहिल्या, जशी काही ती आपण होऊन उघडणार होती. मी उठले, पेटीपुढे बसले आणि वाजवली. इतके दिवस शालिनीची बोटं बघून माझी बोटं पदराखाली मांडीवर चालायची, ते कुणाला ठाऊक!

“धायगुडे वहिनी, तुम्हाला सा रे ग म येतं?” एकीने डोळे मोठे करून विचारलं.

“नावं येत नाहीत,” मी म्हणाले. “पत्ते माहीत आहेत.”

तेव्हापासून सतरंजी दुसऱ्या कुणी घातली.

आमचे हे, विश्वनाथराव, दर गुरुवारी पेटी सायकलच्या कॅरिअरवर बांधून हॉलवर आणायचे. एक हात हँडलला, एक हात पेटीवर, सायकल ढकलत चालत. आत कधी आले नाहीत, बाहेर कट्ट्यावर बसायचे. कौतुक करायचा स्वभाव नव्हता. पण एकदा सुशीला तापाने आली नव्हती, त्या दिवशी परत येताना म्हणाले, “आज उघडी पडलीस.” म्हणजे बाहेर बसून सगळं ऐकत होते, लबाड माणूस.

आता हे नाहीत. जुनी क्वार्टरं पाडायला काढली, मंडळाची खोलीही त्यात गेली. आम्ही सगळ्या हळूहळू भोपाळातच अयोध्या नगरला येऊन पडलो. इथे एका इमारतीच्या खालच्या मजल्यावर हॉल मिळत होता आणि आसपास मराठी घरंही पुष्कळ. पण नव्या घरांतल्या सुना हुशार. एक गुरुवार आल्या, दुसऱ्या गुरुवारी विचारायला लागल्या, “काकू, सगळे भजन एकसारखेच का वाटतात?” वसुधाने त्यांना सांगितलं, मुकी पट्टी आहे, नवी पेटी घेतोय. त्या म्हणाल्या, मग नवी आली की कळवा, आम्ही येऊ.

जुन्या आम्ही उरलो किती? एकीचे गुडघे, एकीची साखर, एक लेकाकडे पुण्याला. नव्या आल्या नाहीत तर मंडळ माझ्या डोळ्यांदेखत मिटणार, हे मला दिसत होतं. वसुधाला माझ्याआधी दिसलं होतं. जुनी चांगल्या भावाने विकायची आणि तसलीच भारी, दोन सुरांची नवी घ्यायची, हे तिने ठरवलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन दिवस मी तिच्या हातचा चहा घेतला नाही. मग घेतला. तिचं खरं होतं.

शनिवारी माझी मात्र चैन होती. व्हिडिओखाली लोक लिहीत होते. कुणी ‘वाह माताजी’, कुणी ‘क्या हाथ है’, कुणी मराठीत ‘आजींना साष्टांग नमस्कार’.

“परत वाच,” मी म्हणाले.

“तीनदा वाचलं, आई.”

“चौथ्यांदा वाचलंस तर मोबाइल झिजणार नाही.”

मी काही देवळातली मूर्ती नाही. कौतुक झालं की मला आवडतं. आयुष्यभर चौथी पास, चौथी पास ऐकलेलं असतं माणसाने.

रविवारी जेवणं उरकून बायका आमच्याकडे जमल्या. यशवंतने, माझ्या मुलाने, सकाळीच जिलेबी आणून ठेवली आणि बायकांचा थवा बघून तो बाहेर सटकला. वसुधाने पोहे केले. मोबाइल टेबलावर मध्ये ठेवला आणि भोवती आम्ही, जशी काही मॅच चालू होती. सुशीला माझ्या शेजारी. ती ग्वाल्हेरची, तिची मराठी निम्मी हिंदीच्या मांडीवर वाढलेली.

“अगं बाई, हे तर फारच ऊपर गेलं!” ती म्हणाली. “शकू, तुझी पेटी तर माझ्या सोन्याच्या पाटल्यांच्या भावाने चालली.”

“तुझ्या पाटल्या वाजत नाहीत.”

बोली दोघांत चालली होती. एक इंदूरचा हॉटेलवाला, आणि दुसरी बैतूलकडची एक शाळा. मधूनमधून तिसरं कुणी डोकं वर काढायचं आणि गप्प व्हायचं. आकडा बदलला की बायका टाळ्या पिटायच्या. वसुधाचा चेहरा असा फुलला होता की लग्नातसुद्धा मी तो तसा बघितला नव्हता. लग्नात बिचारी माझ्याकडे बघून घाबरलेली होती म्हणा.

“आता चांगली दोन सुरांची येईल,” ती म्हणाली. “थोडे उरतील, त्यात तबलाही दुरुस्त होईल.”

“शाळेला कशाला हवी एवढी भारी पेटी?” मी सहज विचारलं.

“मुलींची शाळा आहे. तिथल्या बाईंनी काल विचारलं होतं काहीतरी.”

“काय?”

वसुधा पोह्यांवर शेव घालत राहिली. “असंच. नेहमीचे प्रश्न असतात.”

सून घरात आली की पहिल्या वर्षात सासूला तिची पाठसुद्धा वाचता येते. मी म्हणाले, “वाचून दाखव.”

तिने वाचलं. अलका नावाच्या कुणी बाईंनी लिहिलं होतं: ‘आमच्या शाळेतल्या मुली आता पेटी शिकणार आहेत. पालकांनी मिळून वर्गणी काढली आहे. सगळे सूर व्यवस्थित वाजतात ना? इथे दुरुस्त करणारं कुणी नाही.’

“आणि तू काय लिहिलंस?”

“‘व्हिडिओ पाहावा. पेटीचा आवाज उत्तम आहे.’”

जिलेबीचा तुकडा माझ्या हातात होता, तो मी ताटलीत ठेवला.

“आई, मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही.”

“तू कशाला लिहितेस? तू ‘तिकडे बघा’ म्हणालीस. तिकडे खोटं मी बोलत बसलेय, पदर घेऊन.”

“खोटं काय त्यात? तुम्ही वाजवलंत तेच दिसतंय.”

“मी वाजवलं नाही ते दिसतंय का?”

वसुधा उभी राहिली. ती माझ्यापुढे सहसा आवाज चढवत नाही. चढवला तर आधी उभी राहते, हे मला माहीत आहे.

“इतकी वर्षं तुम्ही हेच केलंत ना?” ती म्हणाली. “गणपतीत, नवरात्रात, क्लबच्या कार्यक्रमात. समोर माणसं बसलेली असायची, त्यांना कुठे सांगितलंत की आमची एक पट्टी वाजत नाही? तेव्हा सुशीलामावशींनी झांज मारली ती पद्धत, आणि आता मी गप्प राहिले तर पाप?”

तिने बरोबर जागी टोचलं होतं. मी चौथी पास असले तरी टोचलेलं कळतं. सुशीला माझ्याकडे बघायला लागली, कारण झांज तिची होती.

“समोर बसलेल्याला मी भजन देत होते,” मी म्हणाले. “ते पुरं देत होते. पेटी देत नव्हते.”

“त्या शाळेला काय कळणार आहे आई! एक पट्टी.”

“शाळेला नाही कळणार, तेच तर. पोरगी नवीन शिकणार. ती पट्टी दाबणार, सूर येणार नाही. ती काय म्हणेल, पेटी फुटकी आहे? ती म्हणेल, माझंच बोट चुकलं. बाई म्हणतील, नीट दाब. ती आणखी जोराने दाबेल. वसुधा, अगं, मला पट्ट्यांची नावं येत नव्हती, पण माझं बोट बरोबर आहे एवढं तरी मला माहीत होतं. त्या पोरीला तेवढंही राहणार नाही.”

वसुधाने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग आत गेली आणि पेटी एकटीने उचलून घेऊन आली. जड आहे ती, दोघींनी उचलायची. ताटल्या सरकवून तिने ती टेबलावर ठेवली, झाकण काढलं आणि मोबाइल पुन्हा तांब्याला टेकवला.

“बोला,” ती म्हणाली. “मी तुमच्याकडून बोलणार नाही.”

मी पदर घेतला. समोर कोण कोण बघणार, कुणाला कुठली भाषा येणार, म्हणून हिंदीत बोलले. माझी हिंदी इतकी वर्षं भोपाळात राहूनही सातारा ओलांडून आलेली नाही.

“मैं शकुंतला धायगुडे बोलती है, भोपाल से. परसों मैंने बजाया वो सच्चा है, मगर पूरा नहीं है. ये जो बीच का काला पट्टी है ना, ये नहीं बोलता. सुनो.”

आणि मी ते बोट त्या पट्टीवर ठेवलं. फिस्स झालं. शेजारचा सूर धरून ठेवला होता, तोही खाली बसला. एवढ्या बायकांसमोर, पेटीसमोर, मोबाइलसमोर. लुगडं फिटल्यासारखं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

“अंदर का तख्ता फटा है. बनाने का तो पूरा बदलना पड़ेगा. बाकी सब सूर एकदम चोख है, वो भी सुनो.” मग मी खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या वाजवून दाखवल्या, एकीलाही न सोडता. “जिसको लेना है, सोच के लो. पीछे से धायगुडेबाई के नाम से बोटं मोडने का नहीं.”

सुशीला हसली. मग म्हणाली, “शकू, भैरवी दाखव ना. म्हणावं, ऐशी पेटी आम्ही कशी वाजवली ते पण बघा.”

“झांज आणलीस का?”

“मी झांजेशिवाय घराबाहेर पडते का कधी?”

तिने पिशवीतून झांज काढली. मी भैरवी धरली, बायका म्हणाल्या, आणि मध्यम आला तशी सुशीलाने अशी हाणली की कपातल्या चहावर तरंग उठले. रडणाऱ्या माणसासारखी वाजली नाही ती. बाजूला व्हा, आम्ही येतोय, असं म्हणणाऱ्यासारखी वाजली. वसुधाने व्हिडिओ टाकला आणि पेटीच्या माहितीत एक ओळ वाढवली.

माहिती बदलली की त्या लिलावात सगळ्यांना कळतं, आणि ज्याला नको त्याला आपली बोली मागे घेता येते. घेतली. आधी शाळेने घेतली. मग ते मधूनमधून डोकं काढणारेही गेले. एकाने लिहिलं, ‘पहले क्यों नहीं बताया?’

“बरोबर विचारतोय,” मी म्हणाले.

सकाळपासून चढलेला आकडा गडगडत खाली आला आणि जवळजवळ जिथून निघाला होता तिथे येऊन बसला. जिलेबी कुणी खाल्ली नाही. अलकाबाईंनी तेवढं लिहिलं: ‘कळवल्याबद्दल आभार. मुली शिकाऊ आहेत, त्यांना सगळे सूर लागतील.’ वसुधाने ते मला दोनदा वाचून दाखवलं, मी न सांगता.

एकट्या इंदूरच्या हॉटेलवाल्याने बोली ठेवली, ती पण खाली उतरवून. चार वाजले आणि पेटी त्याची झाली.

बायका एकेक करून गेल्या. सुशीला जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेली. वसुधा ताटल्या गोळा करत होती. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “आई, तुम्हाला तुमचं नाव जपायचं होतं. मला मंडळ जपायचं होतं.”

मी उठले आणि तिच्याबरोबर कप विसळायला लागले. तिने दोनदा माझ्या हातातून कप काढून घेतला, तिसऱ्यांदा घेतला नाही.

मंगळवारी हॉटेलवाला छोटा टेम्पो घेऊन आला. पोटाने सुखवस्तू, बोलायला गोड. पेटी बघून खूश झाला, कोपऱ्याच्या पितळेवर नख घासून बघितलं.

“तुम्ही पट्टी वाजत नाही ऐकलंत ना?” वसुधाने त्याला हिंदीत विचारलं.

“अरे भाभीजी, बजाना किसको है? रिसेप्शन पर रखेंगे. पुराना लुक आता है. ऊपर फूलदान रख देंगे.”

मुकी पट्टी सांगितली म्हणून अख्खी पेटी मुकी होणार होती. ज्याला वाजवायची होती त्याला मीच परत पाठवलं, आणि जो घेऊन चालला होता त्याला फूलदाणी ठेवायला जागा हवी होती. हे मी आधी धरलं नव्हतं. धरलं असतं तरी केलं तेच असतं, पण धरलं नव्हतं.

“फूलदान रखो,” मी त्याला म्हणाले. “मगर उसमें पानी मत डालना. कागज का फूल रखो. पानी से ही फटी है वो.”

“जी माताजी.”

“जी माताजी नको. बोलो, नहीं डालूँगा.”

त्याने वसुधाकडे बघितलं. वसुधा म्हणाली, “बोल दीजिए भैया, नहीं तो ये टेम्पो के आगे बैठ जाएँगी.”

“नहीं डालूँगा,” तो म्हणाला.

तिच्या तोंडून ते ‘बैठ जाएँगी’ ऐकलं तेव्हा मला कळलं, रविवारचं मिटलं. टेम्पोतल्या माणसाने पेटी उभी ठेवली होती, ती वसुधानेच त्याला आडवी ठेवायला लावली, खाली आमची जुनी गोधडी घालून. गोधडी परत मागितली नाही.

आलेल्या पैशांत नवी पेटी आली, पण दोन सुरांची नाही, एका सुराची. लहानशी, चकचकीत पॉलिशची. आवाज असा की शेजारच्या खोलीत पोर कुरकुरतंय. तबला तसाच राहिला. पण सगळ्या पट्ट्या बोलतात. वसुधाने घरोघर जाऊन नव्या सुनांना सांगितलं, पेटी आली, आता या. मी म्हणाले, लहान आहे हेही सांग. ती म्हणाली, सांगितलंय, तुमच्या घरात राहून दुसरं काय शिकणार?

पहिल्या गुरुवारी त्या आल्या. सगळ्या नाही, पण सतरंजी भरली. हॉलच्या बाहेर स्कूटर लावलेल्या, आत नव्या रंगाचा वास. सुशीला नेहमीच्या जागी, झांज मांडीवर. मी नवी पेटी उघडली आणि भूपाने सुरुवात केली. मग एका सुनेने वेगळी चाल मागितली, मध्यम असलेली. मी वाजवली. अडखळत वाजवली, कारण ते बोट त्या जागी जायला घाबरत होतं. भाजलेल्या जागेपासून हात मागे यावा तसं मागे यायचं. पण गेलं. बायका म्हणत होत्या, मी मागून धावत होते, कुणी हसलं नाही.

शेवटी भैरवी.

मला एवढंच हवं होतं. त्या जागी एकदा, सगळ्यांना ऐकू येईल असा मध्यम. मी भाता भरून घेतला. ओळ आली, वर चढली, मी बोट ठेवलं.

आणि सुशीलाने झांज हाणली. सुशीलानेच नाही, तिच्यामागे जुन्या सगळ्यांनी, ज्यांच्या हातात टाळ होते त्यांनी टाळ, ज्यांच्या हातात काही नव्हतं त्यांनी टाळी. खिडकीची काच थरथरली. तो सूर कुणाच्याही कानापर्यंत गेला नाही.

“इथे इतनी जोर से का वाजवतात?” माझ्या मागे बसलेल्या एका नव्या सुनेने हळूच विचारलं.

“आमच्या मंडळाची पद्धत आहे,” वसुधा म्हणाली.

ओळ पुन्हा आली. मी पुन्हा बोट ठेवलं, झांज पुन्हा पडली, आणि या वेळी नव्या सुनांनीही टाळी धरली. वसुधा समोर बसून म्हणत होती. सगळ्या सुशीलाकडे बघत होत्या. वसुधा तेवढी माझ्या बोटाकडे बघत होती. बोटाखाली लाकूड बारीक थरथरत होतं. सूर लागला होता. मी तो झांज विरेपर्यंत धरून ठेवला.